पाठमोरीला हाक

पौषातल्या पहिल्या सोमवारी सकाळचा दुसरा भोंगा झाला तेव्हा माझी थोरली बहीण गिरणीच्या दरवाजाशी पोहोचलेली होती. ती आत गेली नाही. दरवाजा बंद होईपर्यंत बाहेर उभी राहिली आणि घरी परत आली. साल एकोणीसशे तीसच्या एकदोन वर्षं आधीचं. नक्की कोणतं, ते घरात कुणी लिहून ठेवलेलं नाही.

ती वायंडिंग खात्यात होती. सुताच्या लडी यंत्रावर चढवून बाबिनी, म्हणजे लाकडी रिळं, भरायच्या, धागा तुटला की गाठ मारून पुन्हा सुरू करायचा, हे तिथलं काम. खातं सगळं बायकांचं. नवरा वारल्यावर ती सोलापूरला माहेरी आली आणि गिरणीत लागली, त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. घरात आई, ती आणि मी. मी गावातल्या एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो.

मंगळवारी आक्का पुन्हा दरवाजापर्यंत गेली आणि परत आली. बुधवारी ती चाळीच्या कोपऱ्यावरूनच वळली. गुरुवारी भाकरी फडक्यात बांधून उंबऱ्यावर बसली आणि ती भाकरी तिनं दुपारी तिथंच सोडून खाल्ली. विचारलं तर एवढंच सांगे, की भोंगा ऐकला की छाती धडधडते, हाताला घाम सुटतो आणि घशात गोळा येतो.

कारण सगळ्यांना माहीत होतं, असं सगळ्यांनाच वाटत होतं. बारा दिवसांपूर्वी खात्यात अपघात झाला होता. आक्कापासून तिसऱ्या यंत्रावरच्या बाईचा पदर यंत्र फिरवणाऱ्या पट्ट्यात गेला. तो सोडवताना हात ओढला गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती आक्काची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी कामाला लागलेल्या, दुपारी एकाच फडक्यावर जेवणाऱ्या. इस्पितळातून सुटल्यावर, त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, तिला केमला माहेरी नेलं. अपघाताची तीन ओळींची बातमी मीच दिली होती. माहिती गिरणीच्या टाइमकीपरकडून घेतली. प्रत्यक्ष पाहणारी बाई त्या संध्याकाळी माझ्यासमोर जेवायला बसली होती. तिला मी काही विचारलं नाही.

त्यामुळे आक्कानं यंत्राची धास्ती घेतली, असं ठरलं. डॉक्टरांनी छाती तपासली. छातीत दोष नाही, इतक्या वर्षांच्या खडखडाटानं डोकं शिणलं आहे, तिला शांतता द्या, असं ते म्हणाले.

आईनं ते मनावर घेतलं. आमच्या भिंतीपलीकडे तेलुगू विणकराचं बिऱ्हाड होतं. त्याचा हातमाग पहाटे सुरू होई. आईनं एकदा सांगितलं आणि त्या भल्या माणसानं दुपारचा माग बंद ठेवला. आईनं आमचं जातं उचलून समोरच्यांच्या पडवीत नेलं. भांडी गोणपाटावर ठेवून घासली जाऊ लागली. बोळात गोट्या खेळणारी पोरं पलीकडच्या बोळात गेली. भेटायला येणाऱ्या बायकांना आई दारातच हात जोडी, आणि कुणी आत आलंच तर कुजबुजत बोले. पंधरा दिवसांत घर इतकं शांत झालं, की चुलीतलं लाकूड सरकलं तरी ते बाहेरच्या खोलीत कळे.

या शांततेत आक्का वाळत गेली. जेवण अर्ध्यावर आलं. झोप तुटक. दिवसभरात चारपाच शब्द, तेही ‘व्हय’ आणि ‘न्हाय’. आई समजली, की शांतता कमी पडते आहे. तिनं विणकराला सकाळच्या मागाबद्दलही विचारलं.

चूक कुठं होती, ते समजायला वायंडिंग खातं समजावं लागतं. त्याला लागून साचेखातं होतं, म्हणजे कापड विणण्याच्या मागांची शेड. मधली भिंत अर्धीच. शेकडो माग एका वेळी चालत. त्या आवाजात बोलण्यात अर्थ नसे, म्हणून खात्यातल्या बायका घशाचा वापरच करत नसत. नुसते ओठ हलवत आणि बोटांनी खुणा करत. एकीची घरची भाषा तेलुगू, दुसरीची कानडी, तिसरीची मराठी. खात्यातली ही बोली मात्र सगळ्यांची सारखी होती आणि तिन्हींच्या घरात ती कुणाला येत नव्हती. तिच्यात चेष्टा होई, भांडण होई, सासूची नक्कल होई, रडूनही घेतलं जाई. नऊ वर्षं आक्का जे काही मनातलं बोलली, ते या बोलीत बोलली. घरी ती कमी बोले आणि आम्ही तो तिचा स्वभाव समजत होतो. खात्यात ती सगळ्यांत बोलकी बाई होती, हे मला नंतर कळलं.

खात्याचे मास्तर, म्हणजे वरचे अधिकारी, तिची जागा शिमग्यापर्यंत राखायला तयार झाले. तेवढे दिवस तिच्या यंत्रावर बदली बाई लावली. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी ती हजर झाली नाही तर जागा बदलीची. माझ्या पगारात तिघांचं भागत नसे, त्यामुळे तसं झालं असतं तर आक्काला दुधनीला, दिराच्या घरी जावं लागलं असतं. तिथून एकदा ती स्वतःच्या पायानं निघाली होती. परत जायचं म्हणजे पुढचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या चुलीपुढे.

माघातल्या एका रविवारी दीर तिला न्यायला आला. माणूस वाईट नव्हता. सकाळच्या गाडीनं उतरला, अंगणात बाजेवर बसला आणि आईशी बोलू लागला.

“वैनीला घिऊन जातो की. तितं लई काम न्हाय. चार म्हशी हायत, त्यांच्यासंगं बोलत बसंल.”

“म्हशीसंगं काय बोलंल ती?” आई म्हणाली.

“हितं तर माणसासंगंबी बोलत न्हाय की.”

आईनं चहाची कपबशी त्याच्यापुढे जरा जोरात ठेवली. महिन्याभरात आमच्या घरात झालेला तो पहिला आवाज.

त्याच वेळी वायंडिंग खात्याची नायकीण आली. नायकीण म्हणजे खात्यातल्या बायकांवर देखरेख करणारी बाई. ही पन्नाशीची, तेलुगू विणकर घरातली, गिरणीत सगळ्यांत जुनी. आईनं सवयीनं तोंडावर बोट ठेवलं. नायकिणीनं मान हलवली आणि ती दारातच थांबली. आक्का अंगणाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीशी पाठ लावून बसली होती. आवाज करायचा नाही म्हटल्यावर नायकीण खात्यात जशी बोले तशी बोलली. ओठ हलवले, दोन बोटं उचलली, हनुवटी पुढे केली.

आक्कानं मान वर केली. मग तिचेही ओठ हलले.

पहिल्यांदा थोडे, मग न थांबता. हात चालू झाले. नायकीण दोन पावलं पुढे आली आणि तिथंच उकिडवी बसली. अंगणात कसलाही आवाज नव्हता. मी घड्याळ पाहिलं होतं. हे अर्धा तास चाललं. मधे आक्काच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ओठ थांबले नव्हते.

दिरानं कपबशी खाली ठेवली. “ह्या दोगी काय करत्यात?”

“बोलत्यात,” आई म्हणाली. तिनंही हे पहिल्यांदाच पाहिलं होतं, पण दिरापुढे तसं कबूल करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“आवाज कुटं हाय?”

“त्यो गिरणीत असतोय.”

दिरानं आणखी थोडा वेळ पाहिलं. “म्हंजे दुसरीबी तसलीच हाय की,” असं म्हणून त्यानं मला संध्याकाळची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. शिमग्यानंतर पुन्हा येतो, असं सांगून तो गेला.

नायकिणीनं मग आईला आणि मला घशातून सांगितलं.

“यंत्राची भीती न्हाय हिला, अम्मा. हिनं पदर आदी बगितला होता.”

पदर पट्ट्याकडे सरकताना आक्काला दिसला होता. तिनं हाक मारली. पण खात्यात नऊ वर्षं जशी मारत आली तशी मारली, ओठांनी. मैत्रीण पाठमोरी होती. यंत्राला वळसा घालून आक्का तिच्यापर्यंत पोहोचली तेव्हा हात गेलेला होता.

“घशात आवाज हुता आन म्या काडला न्हाय, असं म्हनती,” नायकीण म्हणाली. “नुसतं त्वांड हललं म्हनती.”

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आम्ही दिलेल्या शांततेत ते रोज वाढत होतं. ज्या घरात लाकूड सरकलेलं ऐकू येतं, तिथं बसून विचार केला तर एका हाकेनं तो हात वाचला असता, यात शंका उरत नाही. छातीची धडधड यंत्राच्या भीतीची नव्हती. दरवाजातून आत गेलं की मैत्रिणीचं रिकामं यंत्र दिसणार, याची होती.

“मग तू काय सांगिटलंस तिला?” आईनं विचारलं. समजूत घातली असेल, अशी तिची अपेक्षा होती.

“काय सांगनार? मला म्हाईत न्हाय म्हनलं. हाक पोचली असती का न्हाई, तुला म्हाईत न्हाय, मलाबी न्हाय. खात्यात जाऊन मारून बगू म्हनलं.”

त्या संध्याकाळी आक्कानं पुरी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी आईनं जातं परत आणलं आणि विणकराला माग चालवायला सांगितलं. तो म्हणाला, “चालवतो, पण माझी बायको आता शांततेला चटावली हाय. तिला तुमी समजवा.”

पण खात्यात जायचं तर आधी दरवाजा होता. नायकिणीनं नियम घातला. “धडधडलं की पळायचं न्हाय. पळाली की ते उद्या तितंच तुझी वाट बगत बसतंय. उतरंपतूर उबं ऱ्हायाचं. उतरलं की मग घरी जायाचं.”

सकाळी कचेरीत जाण्याआधी मी आक्काबरोबर जाऊ लागलो. माझं काम घड्याळ धरण्याचं. पहिल्या दिवशी भोंगा झाला तशी ती भिंतीला टेकली. चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला. ती पळाली नाही. एकवीस मिनिटांनी म्हणाली, “उतरलं.” दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढाच वेळ लागला. चौथ्या दिवशी चौदा मिनिटं. पाचव्या दिवशी पुन्हा वीस, कारण आदल्या रात्री तिला झोप नव्हती. ती निराश झाली. नायकिणीला सांगितलं तर ती म्हणाली, “मग? सूतबी एक दिस चांगलं लागतं, एक दिस तुटत ऱ्हातं. म्हनून काय यंत्र मोडतो का आपन?” आठव्या दिवशी सहा मिनिटं लागली.

मग ती दुपारच्या सुट्टीत जाऊ लागली. दरवाजाच्या आत चिंचेखाली बायका भाकरी खायला बसत. पहिल्या दिवशी तिला पाहून सगळ्या गप्प झाल्या, म्हणजे हातही थांबले. मग एक म्हणाली, “आलीस व्हय गं सरकार? तुझी बदली तुझ्या यंत्राला रोज शिव्या घालतीया.”

“कसल्या?” आक्कानं विचारलं.

“लई साध्या. तिला येतच न्हाईत. तू ये आन शिकव.”

चिंचेपासून कापसाच्या गोदामापर्यंत, गोदामापासून खात्याच्या दारापर्यंत, असे आणखी नऊ दिवस गेले. खात्याच्या दारात तिला पुन्हा घशात गोळा आला आणि ती तिथंच खाली बसली. नायकिणीनं तिला उठवलं नाही. शेजारी उभी राहून आपल्या कामाच्या खुणा करत राहिली. गोळा उतरल्यावर आक्का स्वतः उठली आणि घरी आली. हे तीन दिवस झालं. शिमग्याला तेव्हा पाच दिवस होते.

चौथ्या दिवशी ती आत गेली. मी तिथं नव्हतो. पुढचं मी आक्का, नायकीण आणि त्या दिवशी खात्यात असलेली एक कानडी बाई, या तिघींना वेगवेगळं विचारलं. तिघींचं जेवढं जुळतं तेवढं लिहितो.

सगळी यंत्रं चालू होती, साचेखातंही चालू होतं. नायकीण मैत्रिणीच्या यंत्रापुढे पाठमोरी उभी राहिली. आक्का आपल्या यंत्रापाशी, अपघाताच्या दिवशी जिथं होती तिथं उभी राहिली. हाक ऐकू आली तर नायकिणीनं हात वर करायचा, असं ठरलं होतं.

आक्कानं तोंड उघडलं आणि ओठांनीच हाक मारली. सवय गेली नव्हती. ती थांबली, घसा साफ केला आणि आवाज काढला. नायकिणीचा हात खालीच. आक्कानं मोठ्यानं हाक मारली. नंतर आणखी मोठ्यानं. चौथ्यांदा तिनं पोटात होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढला. त्यानंतर दोन दिवस तिचा घसा बसलेला मी ऐकला आहे. नायकिणीनं मान वळवली नाही.

नायकीण आपल्याला बरं वाटावं म्हणून सोंग करते आहे, असा संशय आक्काला आला. तेव्हा तिनं नायकिणीला शिव्या दिल्या. नायकिणीच्या चालण्यावरून, तपकिरीवरून, तिच्या सुनेवरून. नायकीण सुनेबद्दल एक शब्द ऐकून घेत नसे. तिची पाठ हलली नाही. पण समोरच्या रांगेत आक्काकडे तोंड करून उभी असलेली ती कानडी बाई ओठांवरून सगळं वाचत होती. ती हसत हसत यंत्राला धरून खाली बसली. मग तिनं नायकिणीपुढे जाऊन सगळ्या शिव्या, एक न गाळता, ओठांनी सांगितल्या.

नायकीण वळली. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती आक्काला म्हणाली, आणि हे पूर्ण खात्यानं वाचलं, “आता पटलं का तुला, रांडे?”

आक्का हसली, असं नायकीण सांगते. रडली, असं कानडी बाई सांगते. आक्काच्या म्हणण्याप्रमाणे बदली बाईच्या हाताखाली धागा तुटला होता, तिकडे तिचं लक्ष गेलं आणि तिनं पुढे होऊन गाठ मारली. गाठ मारल्याचं तिघी सांगतात.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या भोंग्याला आक्का यंत्रावर हजर होती. धडधड त्या दिवशीही झाली. किती वेळ, ते तिनं मोजलं नाही. सहाच्या भोंग्याला बाहेर आली तेव्हा हातांना सुताचा वास होता आणि तिनं आईला चाळीच्या तोंडाशीच दिवसभराच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली, तोंडानं, मोठ्यानं. शेजारच्या मागाच्या वर तिचा आवाज जात होता. दीर त्या आठवड्यात आला. ती कामावर होती. चहा पिऊन गेला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गाडीनं केमला गेलो. हाक पोहोचली नसती हे कळलं होतं, तरी मैत्रिणीला सांगायचं राहिलं होतं. मैत्रीण ओसरीवर मिरच्या निवडत होती, उजव्या हाताच्या तीन बोटांनी. आक्कानं सगळं सांगितलं. पदर दिसला होता, आवाज काढला नाही, आणि नंतर काढून पाहिला तर पोहोचला नाही.

मैत्रीण निवडायची थांबली. “तुला दिसलं हुतं, हे मला म्हाईत हाय की.”

“कसं?”

“पडल्यावर मान वळली, तवा तुजं त्वांड दिसलं. पदर, पदर, असंच चाललं हुतं तुजं. हात गेला तरी थांबली न्हाईस. आन मी हितं रोज वाट बगती, ही अजून कशी येईना.”

“मला वाटलं, माज्या नावानं बोटं मोडत असशील.”

“मोडली असती गं,” मैत्रीण म्हणाली, “पण दोन कमी पडत्यात.”

दोघी किती वेळ हसत होत्या ते मी मोजलं नाही. त्यांच्यामुळे घरातली म्हातारी बाहेर आली आणि काय झालं म्हणून मला विचारू लागली. परतीच्या गाडीला आम्हाला धावावं लागलं.

वायंडिंग खात्यात एक बदल झाला. दोन रांगांतल्या बायका एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहत, तशी ती यंत्रं पहिल्यापासून लावलेली होती. यंत्रं हलणार नव्हती. तेव्हा आक्कानं नायकिणीला सुचवलं, की दर पाचसहा बायकांमागं एकीनं आळीपाळीनं उलट्या बाजूला तोंड करून उभं राहावं, आणि काही दिसलं तर ओठ न हलवता बाबीन फेकून मारावी, थेट पाठीत. मास्तरांनी बाबिनी फुटतील म्हणून आधी नको म्हटलं. नायकिणीनं त्यांना एक बाबीन मारून दाखवली. ती फुटली नाही. चैत्रापासून ही पद्धत सुरू झाली.

मैत्रीण पावसाळ्याआधी परत आली. बाबिनीचं काम तिला जमेना, म्हणून तिला सूत तपासायला आणि त्याच्या नोंदी लिहायला बसवलं. पुढच्या वर्षी नायकिणीचे गुडघे धरले आणि तिनं काम सोडलं. तिच्या जागी कोण, हे मास्तरांनी खात्याला विचारलं. यंत्रं चालू होती. बायकांनी ओठांनी उत्तर दिलं. मास्तरांना ते वाचता येत नव्हतं. ते मैत्रिणीनं त्यांना कागदावर लिहून दिलं. त्या सोमवारपासून माझी बहीण खात्याची नायकीण झाली.